हलगलीच्या बंदुका

१८५७ चा नोव्हेंबर. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावात बेरड समाजाच्या लोकांची गर्दी वाढत चालली होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरूनही माणसे येत होती, आणि प्रत्येकाजवळ काही ना काही हत्यार होते. कुणाच्या खांद्यावर तोड्याची बंदूक, कुणाच्या कमरेला तलवार, कुणाच्या हाती नुसता भाला. मुधोळच्या घोरपड्यांच्या दरबाराचा निरोप गावात पोचला होता. हत्यारे आणून दाखवा, नोंदवा, परवाना मिळेल त्याने ठेवावे, बाकीच्यांनी सरकारात जमा करावे. निरोप दरबाराच्या नावाने आला असला, तरी त्यामागचा हुकूम कंपनी सरकारचा होता. बेरडांनी तो मानला नाही.

हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. त्या काळी मुधोळ हे दक्षिण मराठा मुलखातले एक संस्थान होते आणि या सगळ्या संस्थानांवर देखरेख बेळगावहून चालायची. बेळगावचे कलेक्टर जॉर्ज बर्कली सेटन-कार हेच मुलखाचे पोलिटिकल एजंटही होते. त्यांच्या टेबलावर त्या पावसाळ्यात एकामागून एक वाईट बातम्या येत होत्या. जुलैच्या अखेरीस कोल्हापुरात २७ वी पलटण उठली होती. बेळगावच्या किल्ल्यातल्या २९ व्या पलटणीवरही संशय होता. अशा वेळी सरकारला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती गावोगावच्या घरांत आढ्याला टांगलेल्या बंदुकांची.

सप्टेंबर १८५७ मध्ये कलकत्त्याला कायदा झाला. हत्यारे आणि दारूगोळा आणणे, बनवणे, विकणे यांवर बंधन आले आणि ती जवळ बाळगण्याचा हक्क सरकारच्या परवानगीवर टांगला गेला. ज्या मुलखात सरकारला गरज वाटेल तिथे हा कायदा लावायचा होता. दक्षिण मराठा मुलखात तो लावला गेला आणि त्याची पहिली मोठी ठिणगी हलगलीत पडली.

तोड्याची बंदूक म्हणजे काय चीज असते हे आज संग्रहालयाच्या काचेआडून नीट कळत नाही. माणसाच्या छातीपर्यंत येणारी लांब नळी. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. नळीच्या बुडाशी कान, त्या कानावर चिमूटभर रंजक. सुताचा पीळदार तोडा सोऱ्याच्या पाण्यात मुरवून वाळवलेला असायचा. त्याचे पेटते टोक चापाबरोबर खाली येऊन रंजकीला टेकले की बार उडायचा. पावसात तोडा विझायचा, वाऱ्यात रंजक उडायची. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत शत्रू अंगावर यायचा. अशा बंदुकांच्या जोरावर कंपनीची घोडदळे उलथवता येणार नाहीत हे बेरडांनाही कळत होते. तरीही बंदूक सोडायची नाही, असे त्यांनी ठरवले. शिकार, शेताची राखण आणि गावची चौकी, त्यांच्या जगण्याचे हे तिन्ही आधार त्या नळीवर उभे होते.

नोव्हेंबरच्या शेवटी कर्नल माल्कम यांच्या हाताखालच्या फौजेने गावाला वेढा दिला. लढाई घराघरांतून झाली, घरे पेटवली गेली, माणसे मारली गेली आणि शेकडो धरली गेली. डिसेंबरात मुधोळ आणि हलगली इथे मिळून १९ जणांना फाशी दिली. बंदूक नोंदवायला नकार दिल्याबद्दल या मुलखाने मोजलेली ही पहिली किंमत.

हलगलीवर कन्नडमध्ये लावणी रचली गेली. लावणी हा शब्द तिथेही लावणी असाच आहे. सीमाभागातल्या दोन्ही भाषांच्या शाहिरांनी तो आपलाच मानला. जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि शिलालेखांचे मोठे अभ्यासक. त्यांनी १८८० च्या दशकात ही लावणी इतर कन्नड पोवाड्यांबरोबर टिपून छापली. ज्या सरकारने गाव जाळले त्याच सरकारच्या एका अधिकाऱ्यामुळे हे गाणे कागदावर टिकून राहिले, आणि आपल्याला त्यांचे ऋण मान्य करावेच लागते.

*

हलगलीचा नकार अचानक आलेला नव्हता. बेळगाव, निपाणी, कित्तूर, गडहिंग्लज या पट्ट्यात हत्यार ही घराची वस्तू होती तशी जमिनीचीही होती. शेतसनदी नावाची जुनी पद्धत होती. गावातल्या काही घराण्यांना सनदेने जमीन मिळायची आणि बदल्यात त्यांनी हत्यारबंद चाकरी करायची. हत्यार गेले की चाकरी गेली, चाकरी गेली की जमीन गेली. त्यामुळे सरकारने बंदूक मागितली की शेतकऱ्याला सातबारा मागितल्यासारखेच वाटायचे, मग भले सातबारा हा शब्द तेव्हा अजून जन्माला आलेला नसो.

संगोळी रायण्णा हा असाच शेतसनदी होता. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर धारवाडचे कलेक्टर थॅकरे मारले गेले. डिसेंबरात कित्तूर पडले आणि राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेल्या. त्यानंतर शेतसनदींच्या जमिनींवर गदा आली आणि रायण्णाने बंड पुकारले. जानेवारी १८३१ मध्ये त्याला खानापूरजवळच्या नंदगडला फाशी दिली.

निपाणीची गोष्टही याच धाग्याची. सरलष्कर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजेच आप्पासाहेब निपाणीकर, पेशवाईच्या अखेरच्या काळातले मोठे सरदार. १८३९ मध्ये त्यांच्यामागे जहागीर खालसा झाली. दोन वर्षांनी निपाणीच्या गढीत अरब शिबंदीने उठाव केला. बेळगावहून फौज आली आणि उठाव मोडला. आजही निपाणीत जुन्या वाड्याच्या भिंतींकडे बोट दाखवून ही आठवण सांगणारी माणसे भेटतात.

मग १८४४. कोल्हापूर संस्थानातल्या सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांना सांगितले गेले की तुमची वंशपरंपरेची चाकरी आता राहणार नाही. गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. निपाणीपासून फार लांब नसलेला सामानगड ऑक्टोबरात तोफांनी फोडला. एका पिढीत कित्तूर, नंदगड, निपाणी, सामानगड. त्यामुळे १८५७ मध्ये हत्यारे मागितली गेली तेव्हा या पट्ट्याच्या अंगावर जुने वळ ताजे होते.

*

हलगलीनंतर सहा महिन्यांनी नरगुंद पेटले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांना लोक बाबासाहेब म्हणत. विद्याव्यासंगी माणूस, घरी हजारो पोथ्यांचे ग्रंथालय. त्यांना मूल नव्हते आणि दत्तक घ्यायची परवानगी सरकारने नाकारली होती. त्यातच हत्यारबंदीत मोठ्या तोफा आणि दारूसाठा धारवाडकडे पाठवायचा आदेश आला. वंश बंद आणि तोफाही बंद, अशी दुहेरी कोंडी.

मे १८५८ मध्ये पोलिटिकल एजंटचे काम सेटन-कार यांच्याकडून काढून चार्ल्स मॅन्सन यांच्याकडे दिले. मॅन्सन आधी इनाम कमिशनवर होते. ज्यांनी गावोगावच्या इनामदारांचे कागद तपासून जमिनी काढून घेतल्या त्या खात्याचा माणूस. लोकांना त्यांचे नाव ऐकूनच धडकी भरायची. २९ मेच्या रात्री रामदुर्गजवळच्या सुरेबान गावी ते मुक्कामाला होते. भास्कररावांच्या माणसांनी तिथेच त्यांना मारले आणि शिर नरगुंदच्या वेशीवर लावले. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत किल्ला पडला. भास्करराव जंगलात पकडले गेले. पकडणारे पोलीस अधिकारी फ्रँक साउटर पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. १२ जून १८५८ रोजी बेळगावात भास्कररावांना फाशी दिली.

मॅन्सन यांच्या खुनाचे समर्थन करता येणार नाही. पण कायदा लावणाऱ्याने आधी जमीन हिसकावलेली असली की त्याच्या हातातली परवान्याची वही लोकांना वही वाटत नाही, जप्तीची यादी वाटते. या मुलखात नेमके तेच झाले होते.

*

बंड मिटले, कंपनी जाऊन राणीचे सरकार आले, तशी हत्यारबंदी कायमची झाली. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर टाच आणणारा कायदाही त्याच महिन्यातला. दोन्ही एकत्र वाचले की सरकारच्या मनातली भीती दिसते.

पण या कायद्यातले पाचवे कलम नीट वाचण्यासारखे आहे. एका माणसाने आपली खाजगी बंदूक दुसऱ्याला विकली तर काय करायचे, हा प्रश्न त्यात सरळ मांडला होता. दुकानदाराला परवाना हवा, ते वेगळे. खाजगी माणसाला आपली कायदेशीर बंदूक विकायची मुभा होती. मात्र घेणाऱ्याला हत्यार बाळगायला कायद्याने मनाई नसावी, आणि विकणाऱ्याने विनाकारण उशीर न करता जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीची खबर द्यावी, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता कळवावा. व्यवहार आधी, खबर नंतर.

आणि त्यात एक अपवाद होता. ज्यांना कायद्यातून सूट आहे अशांना बंदूक विकली तर खबर द्यायचीसुद्धा गरज नव्हती. सूट कुणाला? मुख्यतः युरोपियनांना. म्हणजे बेळगावच्या छावणीत एका साहेबाने दुसऱ्या साहेबाला बंदूक विकली तर ठाण्याला पत्ता लागत नव्हता. कॅम्पच्या पलीकडच्या गल्लीत मात्र प्रत्येक नळीचा हिशेब मागितला जात होता. माणूस कसा आहे हे तपासायचेच नव्हते, कोणत्या वंशाचा आहे एवढेच पाहायचे होते. या कायद्याचा खरा अपमान इथे होता आणि तो लोकांना बोचला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींनी पत्रक काढले. इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल, असा त्याचा आशय होता. पुढे १९१९-२० च्या सुमारास नियम बदलले आणि वंशाचा भेद निदान कागदावरून पुसला गेला. १९२४ च्या डिसेंबरात तेच गांधी बेळगावला काँग्रेसच्या ३९ व्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन.

सूट मिळालेल्यांत एक हिंदी समाजही होता. कोडगूच्या लोकांना आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना १८६१ मध्ये परवान्यातून मोकळीक मिळाली. राज्याशी एकनिष्ठ राहिल्याचे ते बक्षीस. ही सूट आजही चालू आहे आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कोडगूत कैलपोळ्द सणाला बंदुकांची पूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला होते तशीच. हलगली आणि कोडगू आज एकाच राज्यात आहेत. १८५७ च्या आसपास कोण कोणत्या बाजूला उभे होते याचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

*

कायदा इलाख्यात होता, पण मुलखात संस्थानांची गोधडी होती. बेळगावच्या चहूबाजूंनी कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी, आणि घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर तीन वेगळ्या सत्ता लागायच्या. कागदावर संस्थानिक सरकारचे नियम पाळत, प्रत्यक्षात प्रत्येक दरबाराची वही वेगळी.

हत्यार हातोहात फिरले की काय होते याची दोन ठळक उदाहरणे मराठी मुलखाच्या इतिहासात आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून पाठवलेल्या २० पिस्तुलांपैकी होते, पेटीच्या चोरतळात दडवून आणलेले. दुसरे उदाहरण ३० जानेवारी १९४८ चे. गांधींच्या छातीवर नथुराम गोडसेने रोखलेले बेरेटा पिस्तूल, क्रमांक ६०६८२४, ग्वाल्हेरहून मिळवले होते, म्हणजे तेव्हाच्या संस्थानी मुलखातून. पहिल्या घटनेत वसाहतीच्या सत्तेविरुद्धचा राग होता, दुसरीत एका नि:शस्त्र म्हाताऱ्याचा खून. त्या दोन्ही कृत्यांना एका मापाने मोजू नये. पण पिस्तूल पोचायची वाट एकाच प्रकारची होती: एका हातातून दुसऱ्या हातात, मध्ये कुठेही नोंद नाही, घेणाऱ्याची चौकशी नाही.

म्हणूनच डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत झालेली चर्चा महत्त्वाची वाटते. १९३१ च्या कराची काँग्रेसने हत्यार बाळगायचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला होता. एच. व्ही. कामत यांनी तो घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. सरसकट असा हक्क दिला तर ज्यांच्या हाती हत्यार असू नये असेही तो मागतील, असे त्यांच्या उत्तराचे सार होते. दुरुस्ती फेटाळली गेली. हत्यारे, दारूगोळा, स्फोटके हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत गेला.

अमेरिकेत याच प्रश्नाने वेगळी वाट घेतली. तिथे १९९३ च्या ब्रेडी कायद्याने दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचे ठरले. शेजारी शेजाऱ्याला विकतो तो व्यवहार मात्र त्याबाहेर राहिला. तो भरून काढायचे काम एकेका राज्यावर आले. कोलोरॅडोने २०१३ मध्ये कायदा केला, वॉशिंग्टन राज्याने २०१४ मध्ये थेट लोकांच्या मतदानाने. तिथे राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो. निपाणीच्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्याच्या इथे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदलले, शाळेची आणि सरकारी पाटीची भाषा बदलली, सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे बंदुकीचा कायदा अक्षरशः एकच आहे.

*

तो कायदा १९५९ चा. त्यातल्या पाचव्या कलमात १८७८ च्या पाचव्या कलमाचीच जागा आहे, पण क्रम उलटा केला आहे. आता खबर आधी, व्यवहार नंतर. १९५९ चा कायदा आणि १९८३ ची दुरुस्ती मिळून आज असे ठरले आहे की ज्याला आपली खाजगी बंदूक विकायची किंवा द्यायची आहे त्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. कोडगूसारखी सूट सोडली तर घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असायलाच हवा. वंशावरून साहेबांना मिळणारा अपवाद आता राहिलेला नाही.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी निपाणीकडच्या एखाद्या निवृत्त हवालदाराची कल्पना करावी. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातल्या गावागावांत पलटणीतून परतलेली माणसे आहेत. अशा अनेकांनी पेन्शन सुरू झाल्यावर बारा बोअरची दुनळी घेतली आणि बँकेच्या दारात सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. बंदूक स्वतःची आणि परवाना स्वतःच्या नावाचा, त्यावरच नोकरी मिळते. वय झाले, गुडघे दुखू लागले, नोकरी सुटली की दुनळी कपाटात पडून राहते. गावातलाच एखादा तरुण माजी सैनिक ती मागतो. मग डीसी ऑफिसात, म्हणजे बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, अर्ज. घेणाऱ्याच्या परवान्यासाठी ठाण्यातून चौकशी.

चौकशी म्हणजे काय? फौजदार किंवा हवालदार गावात येतो. पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो. भाऊबंदकीत मारामाऱ्या आहेत का? बांधावरून खटला चालू आहे का? दारू पितो का? चालचलन कसे आहे? नोंदीत गुन्हा आहे का? २०१६ च्या नियमांनी याला डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडले, त्यात मनाची अवस्थाही आली, आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही. पोलिसांनी अहवाल किती दिवसांत द्यायचा याची मुदत नियमात आहे. प्रत्येक परवान्याला देशभराच्या संगणकी नोंदीत एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली.

घेणारा कागलचा असेल तर गुंता थोडा वाढतो. अंतर वीसेक किलोमीटर, पण परवाना कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा. दोन जिल्ह्यांत कागद फिरतात, ना हरकत घ्यावी लागते. बेळगावचा कागद कन्नडमध्ये, कोल्हापूरचा मराठीत. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते, आणि ते एकाच राज्यापुरते असेल तर बंदूक घेऊन नाका ओलांडणे हाच गुन्हा होऊ शकतो. सासर कागलचे आणि माहेर निपाणीचे अशा घरांत हत्यार वारशाने येते तेव्हा ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. बाप वारला की त्याची बंदूक मुलाची आपोआप होत नाही. कायद्याने ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि मुलाने आपल्या नावाचा परवाना मिळवायचा. तेराव्याच्या गडबडीत हे कुणाला सुचत नाही. भिंतीवरची बंदूक भिंतीवरच राहते आणि घर नकळत कायद्याच्या चुकीच्या बाजूला जाते.

खानापूरच्या जंगलपट्टीत चित्र आणखी वेगळे. तिथे भातात रानडुकरे शिरतात, उसात गवे शिरतात. पीकसंरक्षणासाठीचा परवाना कायद्यात आहे. ठासणीची एकनळी बंदूक अजून काही घरांत आहे, आणि हलगलीच्या बेरडांनी जी कारणे सांगितली असती त्यातले एक कारण, शेताची राखण, आज अर्जात छापील कारण म्हणून लिहिता येते.

*

बेरड हा शब्द मराठीत निर्ढावलेला, निर्लज्ज या अर्थानेही वापरला जातो. एका समाजाचे नावच शिवी झाले आणि त्यामागे बरीचशी सरकारी नजर आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मावरून माणसाची हजेरी लावली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र राहिला. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी 'बेरड' हे आत्मकथन लिहिले आणि आयुष्यभर या संशयाविरुद्ध काम केले. परवान्याच्या चौकशीत आज कायदा वागणूक विचारतो, जात विचारत नाही. १८५७ च्या नोंदवहीपासून इथपर्यंत यायला जे लागले, त्यात मुधोळच्या बाजारातले फासही आहेत. ठाण्यात चालचलनाच्या रकान्यात काय लिहायचे हे ठरवणाऱ्या हवालदाराने हे वाचलेले असावे असे मनापासून वाटते.

या सगळ्या व्यवस्थेला एक मोठे भगदाड आहे आणि ते सीमाभागाने जवळून पाहिले आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. कोल्हापूर ते धारवाड हा महामार्ग निपाणी आणि बेळगावातूनच जातो. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांना. न्यायवैद्यक तपासणीत कलबुर्गी आणि लंकेश यांच्या खुनात ७.६५ मिलिमीटरचे एकच पिस्तूल वापरल्याचे निष्पन्न झाले. त्या पिस्तुलाची ४५ दिवसांची खबर कुणी दिली नव्हती, कुणाच्या चालचलनाची चौकशी झाली नव्हती. निवृत्त हवालदाराची दुनळी तीन कार्यालयांतून फिरते आणि गावठी कट्टा एका पिशवीतून फिरतो. कायद्याचे दोर पहिलीभोवतीच आवळत राहिलो तर दुसऱ्याला हातही लागत नाही. पोलीस खात्याचे मनुष्यबळ कुठे लावायचे हा प्रश्न कोल्हापूर आणि धारवाड या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्याला कुणाहीपेक्षा जास्त जवळचा आहे.

निवडणूक जाहीर झाली की आजही या पट्ट्यात हत्यारे जमा होतात. पूर्वी सरसकट जमा करायची पद्धत होती. गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ती योग्य नाही असे सांगितल्यावर, कुणाचे हत्यार जमा करायचे हे ठरवायला छाननी समिती आली. ठाण्याच्या आवारात मग दोन-चार दिवस रांग लागते. कुणी दुनळी चादरीत गुंडाळून आणतो, कुणी युरियाच्या पोत्यात. लेखनिक नळीवरचा क्रमांक वाचतो, परवान्याच्या वहीशी ताडून पाहतो, बंदुकीला नावाची चिठ्ठी बांधतो आणि पावती फाडून देतो. निकाल लागला की तीच पावती दाखवायची, क्रमांक पुन्हा ताडायचा, बंदूक परत न्यायची. खानापूरकडचे म्हातारे शेतकरी ती पावती परवान्याच्या वहीत घालून, वर रबर लावून, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात.